झडीतली बाळोती

झड लागली की लोकांना भजी आठवतात. मला ओली बाळोती आठवतात आणि डोकं फिरतं. आमच्या आदिलाबादकडची झड म्हणजे धो धो पाऊस नव्हे. तो येतो, पडतो, निघून जातो. त्याच्याशी माझं काही वैर नाही. झड नुसती बसून राहते. दिवसचे दिवस भुरभुर चालू, ऊन नाही, वारा नाही, मिठाला पाणी सुटतं, काडेपेटी पेटत नाही, भिंतीला हात लावला तर हात ओला होतो. यंदा श्रावण सरता सरता ती पुन्हा येऊन बसली आहे. फोनवर धबधब्यांचे, हिरव्यागार डोंगरांचे फोटो येताहेत आणि खाली लाल बदामांची रांग. मी कोणालाच उत्तर देत नाही.

परवा शाळेच्या स्टाफरूममध्ये नव्याने लागलेल्या विज्ञानाच्या मॅडमनी पिशवीतून एक कापडी डायपर काढून दाखवलं. त्यांना चार महिन्यांचा मुलगा आहे. डायपरवर हत्तींची नक्षी, कडेला टिचबटणं. आपल्या आज्यांचं शहाणपण कसं परत येतं आहे यावर त्या पुष्कळ बोलल्या. कचरा होत नाही, बाळाच्या अंगाला हवा लागते, धुवायला म्हणे काहीच लागत नाही. त्यांच्या घरी धुण्याचं मशीन आहे आणि मशीन लावायला बाई आहे. मी म्हटलं, छान आहे हो, आणि पोरांच्या वह्या पुढे ओढल्या. त्यांचं काही चुकत नव्हतं. पण आज्यांचं शहाणपण हे शब्द ऐकले की माझ्या दाताखाली खडा येतो.

माझी आरू आता दुसरीत आहे. तिचा जन्म असाच झडीच्या तोंडावरचा. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माझं माहेर मुधोळकडचं आणि तिथे आई नाही. मी बारावीला असतानाच ती गेली. म्हणून मी सासरी, मावल्यालाच बाळंत झाले. मावला आदिलाबादला चिकटलेलंच आहे, रस्त्याच्या अंगाला दुकानं आणि घरांच्या मागे थेट कापूस. घरात सासूबाई, ज्यांना आम्ही सगळेच बाई म्हणतो. माझा नवरा, जो शहरात एका ऑफिसात कारकून आहे. आणि धाकटा दीर गजानन, जो शेत पाहतो. त्याचं तेव्हा लग्न व्हायचं होतं. त्या घरात माझ्याशिवाय बाई माणूस म्हणजे बाईच, आणि त्यांचा शब्द शेवटचा.

बाळ यायच्या आधी बाईंनी सासऱ्यांची जुनी धोतरं पेटीतून काढली होती. सासरे भरपूर जगून गेलेले, म्हणून त्यांच्या धोतराची बाळोती. लेकराला त्यांचं आयुष्य लागावं. बाई काठाला दाताने चीर द्यायच्या आणि दोन्ही हातांनी टर्रकन फाडायच्या. वापरून वापरून ते कापड इतकं मऊ झालं होतं की मी एक तुकडा कोणी बघत नाही असं पाहून गालाला लावला. ही एक गोष्ट मी बाईंच्या बाजूने लिहिते. पुढे तशी फार सापडायची नाही.

मागच्या अंगणात धुण्याचा काळा दगड आहे. त्यावर घरातली लुगडी-सदरे आणि मुख्य म्हणजे देवाची वस्त्रं धुतली जातात. त्या दगडाला हगण्यामुतण्याचं कापड चालत नाही. "लेकराचं दगडावर नोको घालू, त्या निळ्या टबात धुवत जाय," बाईंनी बजावलं. हा टब म्हणजे प्लास्टिकचा ड्रम मधोमध कापून केलेलं अर्धुक. ठीक आहे, टब तर टब. मग कळलं की लेकराचं कापड पिळायचंही नाही. पिळलं तर लेकराचं पोट पिळवटतं. नुसतं पाण्यातून उचलायचं आणि टपटप गळतं तसंच वळणीवर टाकायचं. रस्त्याकडून दिसेल असं वाळत घालायचं नाही, नजर लागते. दिवेलागणीच्या आत सगळं घरात, कारण ओल्या बाळोत्यावरून पाखरू उडत गेलं तर लेकरू खंगत जातं. उन्हाळ्यात हे सगळं कोणीही पाळून दाखवील. झडीत पाळायचं म्हणजे वाळायचं नाव काढायचं नाही.

पडवीत आडव्या बांधलेल्या दोन वळण्या, त्यांवर ही पांढरी लक्तरं, आणि खाली मातीत त्यांनी पाडलेले ओळीने खळगे. अजून तो ठिपकण्याचा आवाज कुठे ऐकला की माझी मान आखडते. मुताचा वास धुऊनही जात नसे, डोळ्यांना झोंबायचा. शीचे पिवळे डाग साबणाला दाद देत नाहीत, ते फक्त ऊन खातं, आणि ऊन नव्हतं. मग कोंबड्या झाकायचं वेताचं डालं निखाऱ्यांवर पालथं घालायचं, निखाऱ्यांत कडुनिंबाचा पाला टाकायचा आणि डाल्यावर बाळोती पसरायची. धुराने माझे डोळे सुजायचे. कापड वरून हाताला गरम लागायचं, घडी उघडली की आत गार. तेच गार कापड बाळाखाली जायचं, कारण दुसरं नसायचं. काही मी इस्त्रीने वाळवायची, तेवढ्यात वीज जायची.

आरूच्या मांड्यांच्या सांध्यात आधी लाल ठिपके आले. मग ठिपके एकमेकांना मिळाले आणि कातडी सोलवटली. मूत लागलं की ती अशी किंचाळायची की गोठ्यातला बैल मान वर करून बघायचा. आदिलाबादच्या डॉक्टरने एक मलम लिहून दिलं आणि म्हणाला, "सूखा रखो अम्मा, बस." बाहेर भुरभुर चालूच होती. त्याच्या टेबलावरचे कागदसुद्धा दमट होऊन वळले होते. मी मलम घेऊन घरी आले.

मलमाने काही झालं नाही, तेव्हा दोष माझ्यावर आला.

"तुयं दूध उष्ण हाय," बाई म्हणाल्या. "तेच लागून राह्यलं लेकराले."

"दूध कसं लागंन, बाई?"

"वांगे खाल्ले असशीन."

बाळंतीण झाल्यापासून मी वांगं डोळ्यांनीही पाहिलं नव्हतं. पण त्यांची परीक्षा ठरलेली होती. त्यांनी गल्लीतल्या आणखी एका म्हातारीला बोलावलं आणि माझं दूध बशीत पिळून घेतलं. लेकराचं कापड पिळायचं नाही, मला पिळायला कोणाची हरकत नव्हती. बशीत एक मुंगी सोडली. मुंगी जगली तर दूध चांगलं, मेली तर वाईट. मुंगी बुडून मेली. साध्या पाण्यात टाकली असती तरी मेली असती, असं मी म्हटलं.

"शाळेत शिकवते म्हून लय बोलू नोको," बाई म्हणाल्या. माझ्या नवऱ्याने जरा वेळ विचार केल्यासारखा चेहरा केला आणि सांगितलं, "दोन दिवस बंद करून पाहू ना. काय होते त्यानं?"

त्यानं काय होतं ते त्याला कुठून माहीत असणार. छाती दगडासारखी झाली, ताप चढला. मी न्हाणीत भिंतीला टेकून दूध काढायची आणि मोरीत सोडायची. बाहेर आरू भुकेने रडायची आणि तिचं रडणं ऐकून दूध आपोआप वाहायला लागायचं, ते कोणाचं ऐकत नसे. शेजाऱ्यांकडून बकरीचं दूध आलं. ते पाणी घालून उकळायचं आणि वाटी-चमच्याने पाजायचं. दोन दिवसांचे किती दिवस झाले कोणी विचारलं नाही. आणि आरूच्या अंगाची आग होती तशीच होती.

झडीत मधेच उघाड पडते. ढग जरा वर सरकतात, उजेड येतो, आणि सगळं गाव शेतात पळतं, कारण कापसाच्या पऱ्हाटीवर अळी आलेली असते. लोक कापसाच्या बोंडांवर फार छान छान लिहितात. त्याआधी काय काय मारावं लागतं ते लिहीत नाहीत. गजानन पाठीला पंप बांधून दिवसभर फवारायचा आणि दुपार कलल्यावर यायचा तो औषधाने भिजलेला. शेतातल्या विषाला आमच्याकडे औषधच म्हणतात. तो दारात यायच्या आधी त्याचा वास घरात यायचा, रॉकेलसारखा तेलकट आणि घशात अडकणारा.

अशाच एका उघाडीच्या दुपारी मी अर्धवट ओलं बाळोतं इस्त्रीखाली धरलं. वाफ उठली आणि तोच वास माझ्या नाकात शिरला. मला वाटलं गजानन आला असेल. पडवीत कोणी नव्हतं. मी बाळोतं नाकाशी नेलं. दुसरं उचललं, त्यालाही तोच. धुराच्या, कडुनिंबाच्या, मुताच्या वासाखाली तो बसून राहिला होता आणि गरम झाल्यावर वर आला होता. मी इस्त्री बंद केली आणि मागच्या अंगणात गेले. गजानन तोवर येऊन आंघोळीला बसला होता. त्याचा सदरा आणि पँट निळ्या टबात भिजत होती. टबाच्या कडेला मी सकाळी बाळोती धुतलेल्या साबणाचा फेस वाळून चिकटलेला होता. मी सकाळी धुऊन आत जायची आणि दुपारी तिथे काय भिजतं ते मला कधी दिसलंच नव्हतं.

"फवाऱ्याचे कपडे हिथं काऊन, बाई?"

"मंग काय दगडावर धुवू? देवाचं धुते मी त्याच्यावर."

त्यांनी हे अगदी सरळ सांगितलं. दगडाला लेकराचं मूत चालत नव्हतं आणि दगडाला शेतातलं विषही चालत नव्हतं. दोन्हींचा विटाळ सारखाच, म्हणून दोन्ही एका टबात. दगड मात्र चोख राहिला होता. आणि टबातलं जे काही बाळोत्यात उतरायचं ते पिळून काढायलाही मला बंदी होती. ते तसंच कापडात जिरायचं, धुरावर अर्धं वाळायचं आणि माझ्या मुलीच्या मांड्यांना लागायचं. पाखराच्या सावलीला एवढी भिणारी ही माणसं, पण त्या टबाकडे कोणी एकदा वाकून बघितलं नाही.

मी सांगितलं. हे इथे स्पष्ट लिहून ठेवते, कारण पुढे त्याची गरज पडणार आहे. मी बाईंना त्याच अंगणात, तिथल्या तिथे सांगितलं. त्या म्हणाल्या, "टब इसळून घेतो ना आमी. सारं गाव फवारते, गावात काय लेकरं नाईत?" गजाननला सांगितलं, तर तो टॉवेलने डोकं पुसत हसला. "वयनी, औषध अळीले मारते. मानसाले काई नाई होत." संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आता बाईले काय शिकवू मी? तू टब घासून घेत जाय." तिघेही निवांत होते. मला वाटतं, त्या दिवसापासून मी त्या घरात पाहुणी झाले.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या लग्नात माहेरहून आलेला स्टीलचा मोठा गंज काढला. भात शिजवायचा गंज. त्यात पाणी उकळलं, बाळोती उकळली, आणि घरापुढच्या नळावर, भर रस्त्यावर बसून धुतली. आणि पिळली. दोन टोकं धरून, मनगटं ठणकेपर्यंत, शेवटचा थेंब निघेपर्यंत पिळली. प्रत्येक बाळोत्याबरोबर मला कोणाची ना कोणाची मान दिसत होती, हेही सांगून टाकते. मग ती पुढच्या कुंपणाच्या तारेवर टाकली. ऑटो जात होते, कॉलेजची पोरं जात होती, सगळ्यांना दिसावीत अशी टाकली. वरून बगळे गेले, एकदा घार गेली. आरूचं पोट पिळवटलं नाही की ती खंगली नाही. बाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं. ताट मात्र वेळेवर पुढे सरकवायच्या, त्यात कसूर केली नाही.

पोळ्यापर्यंत आरूच्या अंगावर नवी कातडी आली, गुलाबी आणि पातळ. मी तिला उघडीच मांडीवर घेऊन बसले होते. पडवीत बाई शेजारणीला सांगत होत्या, "बकरीचं दूध मानवलं पोरीले." शेजारीण म्हणाली, मानवतेच. मी ते ऐकलं आणि आरूला छातीशी धरलं. तिने तोंड फिरवलं. मी पुन्हा धरलं, तिने पुन्हा फिरवलं. मी मेथी खाल्ली, अळीव खाल्ले, शहरातून शतावरी आणवली. दूध ओल येईपुरतं आलं आणि तेही आटलं. आरू आज ठणठणीत आहे, तिला धावताना धरता येत नाही. मग तक्रार काय, असं मला पुष्कळांनी विचारलं आहे. माझं दूध चांगलं होतं, ही माझी तक्रार आहे. ते माझ्या मुलीचं होतं आणि ते मला मोरीत ओतायला लावलं.

वर्षभरात आम्ही आदिलाबादला भाड्याच्या घरात आलो. सणावारी मावल्याला जातो. मी जाते, स्वयंपाक करते, परत येते.

परवाच्या पोळ्यालाही गेले. झड चालू होती. बैलांच्या शिंगांचा रंग ओघळून त्यांच्या कपाळावर येत होता आणि माझा नवरा आणि गजानन तो पुसत बसले होते. गजाननची बायको लता वांकिडीची. पहिलं बाळंतपण माहेरी आटोपून आठवड्यापूर्वीच मुलाला घेऊन आली होती. मी बाळ बघायला आत गेले. तीच खोली, तोच पलंग. लताने दुपटं बाजूला केलं आणि मला मुलाच्या मांड्या दिसल्या. त्याच जागी लाल, अजून सोललेलं नव्हतं. उशाला वाटी आणि चमचा होता.

"हे कायले?" मी विचारलं.

"बाई म्हंतात मायं दूध उष्ण हाय," लता खाली बघत म्हणाली. "तुमचं बी होतं म्हने, ताई. तवा बंद केलं अन् आरू बरी झाली. म्हून कालपासून मायं बी बंद करून राह्यली."

माझ्या दुधाची गोष्ट त्या घरात दाखला म्हणून वापरली जात होती. मी सगळी वर्षं ती माझ्यापुरती गिळून बसले होते आणि इकडे ती पिकून तयार झाली होती, दुसऱ्या बाईला देण्यासाठी. मी उठले आणि मागे गेले. निळा टब जागेवर होता. एका कडेला बाळोती, त्यांच्याखाली कालच्या फवारणीची पँट. मी टब दोन्ही हातांनी उचलून पालथा केला. पाणी पायावरून वाहत गेलं. आवाजाने दोघे भाऊ आले, मागून बाई आल्या.

मी बोलले. सणाचा दिवस होता आणि शेजारीपाजारी दारात होते, तरी बोलले. टबाबद्दल, दगडाबद्दल, पिळण्याबद्दल, मुंगीबद्दल. माझा आवाज चिरका होतो हे मला माहीत आहे, तो झाला. गजानन चिखलातून आपली पँट उचलून उभा राहिला, ती कुठे ठेवावी त्याला समजेना. पण त्याने या खेपेला हसून दाखवलं नाही.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "एवढं होतं तं तवाच काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं होतं, बाई. ह्याच जागेवर."

"आमाले नाई आठवत."

मी नवऱ्याकडे पाहिलं. "तुमाले बी सांगतलं होतं मी. सांगा."

त्याच्या हाताला शिंगांचा लाल रंग लागला होता. तो हात पुसत राहिला. "सनाच्या दिवशी कायले वाढवते?" तो म्हणाला. "झालं ते झालं."

मला वाटलं होतं, एक दिवस मी हे सगळं बोलेन आणि मग मोकळी होईन. तसं काही झालं नाही. त्यांना ते आठवतही नव्हतं, किंवा आठवत नाही म्हणणं सोपं होतं. दोन्हीचा माझ्या दृष्टीने अर्थ एकच. त्यांच्याकडून काही निघणार नव्हतं. मी त्यांना तिथेच सोडलं आणि आत आले. लता बाळाला घेऊन दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"पाज त्याले," मी म्हटलं. "आत्ता."

"बाई बोलतीन."

"मले बोलतीन. मी दारात उभी हाय."

ती पलंगावर बसली, भिंतीकडे वळली. बाळ एक दिवसाचं उपाशी असल्यासारखं हात मारत होतं, मग त्याला सापडलं. बाहेर बाई काहीतरी म्हणत होत्या, कोणाला ते मी ऐकलं नाही. आत फक्त बाळाच्या घोटांचा आवाज होता. मी दाराच्या चौकटीला हात लावून रस्ता अडवून उभी राहिले. लताने मान वळवून माझ्याकडे बघितलं, तिचे डोळे भरले होते, बहुधा ती मला काही चांगलं म्हणणार होती. मला ते नको होतं. त्या घरातल्या एकेकाचा मला राग येत होता आणि त्या क्षणी तिचाही येत होता, कारण तिच्यासाठी दारात कोणीतरी उभं होतं.